रंग बदलणाऱ्या नेलपॉलिशच्या बाटलीवर अंश छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी नेल आर्ट कसे करावे, याविषयी जो लेख आला होता तो माझ्या भाचीने मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि रंग बदलणाऱ्या नेलपॉलिशच्या परिच्छेदापाशी आम्ही दोघीही थांबलो. बोट गार पाण्यात बुडवले की नख जांभळे होते आणि बाहेर काढले की गुलाबी, असे त्यात लिहिले होते. हे खोटे नाही. पण अकोल्यात एप्रिल महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, ज्या घरात ही बाटली पंधरा दिवसांपूर्वी दोनशे रुपये देऊन आणली गेली आणि तेव्हापासून सर्व दहा नखे सकाळ-संध्याकाळ एकाच गुलाबी रंगाची राहिली, त्या घरात हे वाक्य वाचून हसावे की रागवावे हे कळत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, नेल आर्टची हौस भाचीची आहे, आणि या बाटलीने गेले काही दिवस आमच्या दोघींचाही वेळ सत्कारणी लावला आहे. त्यातून एकच मागणी निघते, ती आपल्या स्तंभातून मांडावी म्हणून हे पत्र: अशा प्रत्येक बाटलीवर रंग कशाने आणि किती अंशांना बदलतो हे छापलेले असावे, आणि आत काय आहे हेही.

प्रथम ही बाटली करते काय, ते सांगते, कारण दुकानदाराला विचारले तर तो ‘मूडप्रमाणे बदलतो’ एवढेच सांगतो. उष्णतेने रंग बदलणाऱ्या नेलपॉलिशमध्ये अतिसूक्ष्म कुप्या मिसळलेल्या असतात. एकेक कुपी काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात मोजावी एवढी. प्रत्येक कुपीत तीन पदार्थ असतात: ल्युको जातीचा, म्हणजे एकटा असताना रंगहीन राहणारा एक रंग, त्याला रंग आणणारा सौम्य आम्लधर्मी पदार्थ, आणि मेणासारखा गोठणारा नि वितळणारा द्रावक. द्रावक गोठलेला असतो तोवर पहिले दोघे एकमेकांना धरून असतात आणि कुपी निळी दिसते. द्रावक वितळला की त्यांची जोडी सुटते आणि निळा रंग दिसेनासा होतो. एस.टी.च्या कंडक्टरच्या यंत्रातून निघणारे तिकीट याच रसायनशास्त्रावर चालते, फक्त उलट दिशेने: तिथे कागदावर दोघे वेगवेगळे बसवलेले असतात, यंत्राच्या तापलेल्या टोकाने ते एकत्र येतात आणि काळी अक्षरे उमटतात. आता जांभळ्याचे गुलाबी कसे होते तेही उलगडते. गुलाबी रंग बाटलीत कायमचाच असतो. गारव्यात त्यावर निळ्याची भर पडते म्हणून नख जांभळे दिसते, आणि उष्णतेत निळा गेला की मुळातला गुलाबी उरतो. ज्याला आपण बदललेला रंग म्हणतो तो बदललेला नसून उरलेला असतो.

यात मनाचा संबंध कुठे येत नाही. घाबरल्यावर बोटे गार पडतात, तेव्हा नख गडद होईल हे खरे. पण माठातले पाणी पिताना हातातल्या भांड्यानेही ते तेवढेच गडद होते, आणि त्या वेळी माणसाचा मूड उत्तमच असतो.

मुद्दा आहे तो द्रावक किती अंशांना वितळतो याचा. कारखानदाराला हा आकडा हवा तसा निवडता येतो, आणि सौंदर्यप्रसाधने व खेळणी यांच्यासाठी विकल्या जाणाऱ्या रंगद्रव्यांत ३१ अंश सेल्सिअसला बदलणारे रंगद्रव्य अगदी नेहमीचे आहे. ही निवड उगाच केलेली नाही. जिथे खोली वीस-बावीस अंशांवर असते तिथे बोटांच्या टोकांचे तापमान तिशीच्या आसपास वरखाली होत राहते, त्यामुळे गरम पेला धरला, हातमोजा काढला, खिशात हात घातला की नख लगेच दाद देते. आमच्याकडे मार्चच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत दिवसा घरातली हवाच ३१ अंशांच्या वर असते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि रात्री बाराला भिंतीला हात लावला तरी ती ऊब देते. अशा हवेत कुपीतला द्रावक गोठणार कधी? शिवाय हा बदल जाताना आणि येताना एकाच आकड्यावर होत नाही. तापताना गेलेला रंग परत यायला काही अंश आणखी खाली उतरावे लागते. म्हणजे बाटलीवर ३१ छापले असते तरी जांभळा परत मिळवण्यासाठी नख त्याहून बरेच गार करावे लागले असते. छापलेले मात्र काहीच नव्हते.

आम्ही दोघींनी एका दुपारी याची परीक्षा घेतली. स्टीलच्या फुलपात्रात माठाचे पाणी घेतले आणि भाचीने तर्जनी त्यात नखापर्यंत बुडवली. पाच-सहा अंक मोजेपर्यंत नखाच्या टोकाकडून जांभळा रंग चढत आला. मुळाशी, जिथे खाली रक्त खेळते आहे, तिथे एक गुलाबी चंद्रकोर सर्वांत शेवटपर्यंत टिकून राहिली. बोट बाहेर काढून पुसले तर वीस मोजायच्या आत सगळे नख गुलाबी झाले. मग तेच बोट न पुसता ओले तसेच कूलरसमोर धरले, तर जांभळा बराच वेळ हलेना, कारण वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी हवा नखावरचे पाणी उडवत होती आणि उडणारे पाणी नखाची उष्णता घेऊन जात होते. ज्या कारणाने माठातले पाणी गार होते त्याच कारणाने नख गार राहिले. बाष्पीभवनाचा धडा वर्गात शिकवताना मला इतके नेमके साधन कधी मिळाले नव्हते, हे इथे कबूल करते. पण दोनशे रुपये देणाऱ्या मुलीने सबंध उन्हाळा ओली बोटे कूलरसमोर धरून बसावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

यावर दुकानदारांचे उत्तर तयार असते: मग उन्हात बदलणारे घ्या. हे दुसऱ्या जातीचे रंग, उन्हात काळ्या होणाऱ्या चष्म्याच्या काचांमध्ये असतात त्या प्रकारचे. त्यांच्या रेणूमधले एक कडे उन्हातल्या अतिनील किरणांनी उघडते आणि रंग दिसू लागतो. सावलीत आल्यावर ते मिटते आणि रंग जातो. विदर्भात उन्हाला तोटा नाही, तेव्हा इथे तरी काम साधावे असे वाटेल. अडचण अशी की उघडलेले कडे मिटण्याची क्रिया उष्णतेने वेगाने होते. म्हणून असा चष्मा वापरणाऱ्यांचा अनुभव असतो की हिवाळ्यात काचा दाट काळ्या होतात आणि ऐन मे महिन्यात, सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, त्या फिकट राहतात. नेलपॉलिशचेही तेच. आणि जर वरून लावलेल्या टॉप कोटमध्ये अतिनील किरण शोषणारा घटक असेल, जो नेलपॉलिश पिवळी पडू नये म्हणून कित्येकदा घातलेला असतो, तर खालच्या रंगापर्यंत ऊन पोहोचतच नाही. मुलगी अंगणात हात पसरून उभी राहते आणि काही होत नाही.

मी या हौशीच्या विरोधात लिहीत आहे असा समज होऊ नये. हिवाळ्यात हीच बाटली फार सुंदर चालते, आणि ती खरी कोणासाठी आहे हे तेव्हा कळते. जानेवारीतल्या सकाळी भाचीने पहिल्यांदा तशीच एक बाटली लावली होती. पोळ्या लाटताना पोळपाटावर तिची नखे गडद जांभळी असत, आणि तव्यावरची पोळी उलटायला हात पुढे नेला की वाफेने ती एकेक करून गुलाबी होत, अंगठा सर्वांत शेवटी. तिने नखे थोडी वाढवलेली होती, त्यामुळे बोटाच्या मांसावर टेकलेला भाग उबेने गुलाबी आणि पुढे आलेले मोकळे टोक गार म्हणून जांभळे, अशी दुरंगी कड आपोआप उमटे. ब्रशने काढायला गेले तर अर्धा तास जाईल अशी. घरच्या नेल आर्टमध्ये ही कड फुकट मिळते, आणि लांब नखांच्या मुलींना हे रंग का आवडतात त्याचे कारण तेच आहे.

आपल्या लेखात कृती दिली होती, तिच्यात दोन-तीन गोष्टी राहून गेल्या त्या अनुभवाने सांगते. या कुप्यांचा रंग पारदर्शक आणि दुबळा असतो, म्हणून खाली पांढऱ्या नेलपॉलिशचा एक थर दिला तरच बदल उठून दिसतो. नुसत्या नखावर तो मळकट दिसतो. कुप्या तळाशी बसतात, तेव्हा बाटली लावण्यापूर्वी दोन्ही तळव्यांमध्ये फिरवावी. जोरात हलवली तर बुडबुडे धरतात आणि ते वाळताना नखावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे ठेवून जातात. सर्वांत मोठी चूक म्हणजे घट्ट झालेली बाटली सैल करण्यासाठी तिच्यात थोडे रिमूव्हर घालणे. साध्या नेलपॉलिशच्या बाबतीतही ती वाईटच सवय आहे, पण इथे रिमूव्हरमधले अॅसिटोन कुप्यांची कवचे बिघडवते, आतला द्रावक बाहेर येतो आणि बाटली कायमची एकरंगी होते. उन्हात ठेवलेल्या बाटलीचीही हीच गत, कारण ल्युको रंग प्रकाशाने विटतो. दुकानाच्या काचेच्या कपाटात वर्षभर ऊन खाल्लेली बाटली घेऊ नये. आणि ओली नेलपॉलिश ज्वलनशील असते, तेव्हा वाफेची गंमत बघायची ती नखे पूर्ण वाळल्यावर, गॅसपाशी बसून लावताना नव्हे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कंपनीच्या लक्षात आलेली दिसत नाही, कारण ती बहुधा काट्याचमच्याने जेवणाऱ्यांसाठी माल बनवते. फिकट किंवा पांढऱ्या रंगावर जाणारी नेलपॉलिश लावून माणूस हाताने वरणभात जेवला की हळद थरात शिरते आणि नख पिवळे पडते. मग साबणाने हात धुवावा तर पिवळ्याचे तांबूस होते, कारण हळद अल्कलीत लाल होते. साडीवरचा डाग धुताना हे प्रत्येकीने पाहिले आहे आणि हळदीपासून कुंकू होते तेही याच गुणाने. बाटलीवर न लिहिलेला हा तिसरा रंग परत जात नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. भाचीने मार्चमध्ये ऑनलाइन मागवलेली एक बाटली दिसायला सुरेख होती, काळ्या अपारदर्शक काचेची. तिने संध्याकाळी नखे रंगवली आणि पंख्याखाली बसली. तासाभराने हात लावला तर थर तसाच चिकट. तिला वाटले जाड लागला. पुसून पुन्हा पातळ लावला. रात्री झोपताना तो वाळला असेल असे समजून झोपली, आणि सकाळी चादरीवर, उशीवर, केसांत सगळीकडे गुलाबी. मला विचारले तेव्हा मी बाटली उजेडात धरली आणि ती पारदर्शक नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ते जेल होते. साधी नेलपॉलिश द्रावक उडून वाळते. जेल वाळत नाही, ते दिव्याच्या अतिनील प्रकाशाने घट्ट व्हावे लागते, म्हणून बाटली काळी. रंग बदलणाऱ्या नेलपॉलिश जेलच्या रूपात मोठ्या प्रमाणावर येतात त्याला कारणही आहे, जेलमध्ये उडणारा द्रावक नसल्यामुळे कुप्या सुरक्षित राहतात. पण हे सांगणारा एक शब्द बाटलीवर आम्हाला वाचता येईल अशा भाषेत नव्हता. जी अक्षरे होती ती चिनी होती. विक्रेत्याने तक्रारीला उत्तर दिले की ‘उत्पादन योग्य आहे’, आणि त्याच्या दृष्टीने ते होतेही.

चादर धुता येते. पण घट्ट न झालेले जेल रात्रभर कातडीला लागून राहणे ही किरकोळ बाब नाही. जेलमध्ये मेथाक्रिलेट वर्गाचे रेणू असतात. त्यांतल्या एकाला संक्षेपाने हेमा म्हणतात, आणि नाव ऐकून कोणालाही ती शेजारची मुलगी वाटावी. कच्च्या अवस्थेत तो कातडीला वारंवार लागला तर अॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडलेली अॅलर्जी बहुधा आयुष्यभराची असते. याच कुळातले पदार्थ दातांच्या भरणात आणि गुडघा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये असतात, त्यामुळे पंधराव्या वर्षी हौसेने लागलेली गोष्ट साठाव्या वर्षी डॉक्टरांना विचारात घ्यावी लागू शकते. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेल्या नखांच्या उत्पादनांवर ‘फक्त व्यावसायिकांसाठी’ आणि ‘अॅलर्जी होऊ शकते’ असे छापणे बंधनकारक केले. जेल घट्ट करणारा टीपीओ हा दुसरा घटक तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वापरायलाच बंदी आहे. आमच्या हातात आलेल्या बाटलीत यांपैकी काय होते? सांगता येत नाही, कारण घटकांची यादी नव्हती.

आणि यादी का नव्हती, याची एक बाजू ऑनलाइन विक्रेत्याच्या बेफिकिरीची असली तरी दुसरी आपल्या नियमांची आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे उत्पादनावर घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पण त्याच नियमात सवलत आहे की ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या बाटलीवर ही यादी नसली तरी चालेल. नेलपॉलिशची बाटली दहा-पंधरा मिलिलिटरची असते. म्हणजे शाम्पूच्या मोठ्या बाटलीला जो नियम आहे, तो ज्या वस्तूत सर्वांत उग्र द्रावक, रंग आणि रेझिने एकवटलेली असतात तिला नाही. लहान बाटलीवर जागा कमी असते हे मान्य. पण बाटली खोक्यात येते, आणि त्या खोक्यावर चकाकणारी फुलपाखरे छापायला जागा पुरते. आयात मालावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचे नाव-पत्ता हवा हा नियम तर लहान बाटलीलाही आहे. घरी आलेल्या खोक्यावर हे दोन्ही नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, एवढे तरी आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी चौकटीत द्यावे.

या बाटल्यांवर अंश आणि जात छापलेली असण्याचा एक उपयोग माझ्या मनात आला नव्हता, तो गेल्या महिन्यात एका रुग्णालयात कळला. भाची आजोबांना सोबत म्हणून रात्री थांबली होती. वातानुकूलित खोली, पहाटेची वेळ, आणि ती खुर्चीत पांघरूण न घेता झोपलेली. हातांची नखे गार पडून निळसर जांभळी झाली होती. फेरीवर आलेल्या परिचारिकेची नजर आधी पेशंटकडे आणि मग तिच्या हाताकडे गेली, आणि त्या बाईंनी तिला खांद्याला धरून गदागदा हलवून उठवले. नखे निळी पडणे ही रक्तात प्राणवायू कमी झाल्याची खूण मानतात, म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी नेलपॉलिश काढायला सांगतात, आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही गडद रंगावर चुकू शकते. भाचीने घाईघाईने दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि नखे त्यांच्यासमोर गुलाबी करून दाखवली. परिचारिकाबाई हसल्या, पण त्यांचे म्हणणे रास्त होते: ‘हे असलं काही लावून इथे यायचं नाही, बेटा.’

मी स्वतः नेलपॉलिश लावत नाही. तरीही आमच्या घरातल्या बाटल्यांपुरती व्यवस्था मी केली आहे. उन्हात बदलणाऱ्या बाटलीवर ‘ऊन, हिवाळ्यातले’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. काळी बाटली दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत, परत पाठवण्यासाठी. आणि जांभळ्या-गुलाबीवर भाचीने पाण्यात तापमापक धरून काढलेला आकडा बॉलपेनने लिहिला आहे: ‘३१°. दिवाळी ते शिवरात्र.’ एवढाच मजकूर कारखान्यातून छापून यावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, अकोला